हेडसेट डोक्यावर चढवून बघायला मिळाला पाहिजे

संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरच्या खरेदी पुरवणीत गेमिंग हेडसेटवर अर्धं पान आलं होतं, ते मी आणि माझ्या मुलीने दोघांनीही वाचलं आणि त्यावरूनच हे पत्र लिहायला बसलोय. फोटो होते, किमती होत्या, ड्रायव्हर म्हणजे आतला स्पीकर किती मिमीचा, बॅटरी किती तास, लाइट किती रंगांचे, सगळं होतं. पण तो कानावर घातल्यावर आवाज कसा येतो आणि ते जे हॅप्टिक हॅप्टिक म्हणतात, म्हणजे आवाजाबरोबर हेडसेट थरथरतो ते, डोक्याला नक्की काय जाणवतं यावर एक ओळ नव्हती. माणूस पैसे तर त्याच्यासाठीच मोजतो ना.

मी लालबागला राहतो आणि गेली सव्वीस वर्षं मराठी नाटकांना साउंड ऑपरेट करतोय. सुरुवात कॅसेटवर केली, आता लॅपटॉपवर करतो. शिवाजी मंदिर, गडकरी, पूर्वी दामोदर, ज्या नाट्यगृहात प्रयोग असेल तिथे मी मागे मिक्सरवर बसलेला असतो. आमची अर्धी अक्कल आवाज बरोबर जागेवरून आणण्यातच जाते. सेटवरचं दार डावीकडे असेल तर दारावरची थाप डावीकडूनच यायला हवी, नाहीतर नट एकीकडे बघतो आणि प्रेक्षक दुसरीकडे. त्यामुळे गेम मी स्वतः खेळत नसलो तरी मुलगी जेव्हा म्हणाली की बाबा मला गेममध्ये शत्रूची पावलं कुठून येतात तेच कळत नाही, तेव्हा तिला काय म्हणायचंय ते मला लगेच समजलं.

ती कॉलेजला सेकंड इयरला आहे. रात्री मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट नावाचा गोळीबाराचा गेम खेळते, पाच जणींची टीम आहे. आमची खोली दहा बाय बाराची, वर पोटमाळा, तिथे तिचं टेबल आणि कॉम्प्युटर. खाली तिची आजी लवकर झोपते म्हणून स्पीकरचा प्रश्नच येत नाही, हेडसेट लागतोच. पहिला हेडसेट तिने गेल्या वर्षी ऑनलाइन सेलमध्ये घेतला, तीन हजाराच्या आतला, स्वतःच्या शिकवणीच्या पैशातून. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ७.१ सराउंड आणि खाली डीप बास व्हायब्रेशन. मी तो घालून बघितला तर थरथर करणारी वेगळी मोटर वगैरे काही नव्हतीच, नुसता बास, म्हणजे जाड आवाज, चढवून ठेवलेला, इतका की माणसाचं बोलणं बोगद्यातून आल्यासारखं. पावसाळा आला आणि कानाच्या गादीचं रेक्झिन पोपडे निघावेत तसं सुटायला लागलं, तिच्या गालाला काळे तुकडे चिकटायचे. परत द्यायची मुदत कधीच संपली होती. पोरीने पाच महिने शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते, मला ते फार लागलं.

म्हणून यावेळी म्हटलं, ऑनलाइन नको, आपण लॅमिंग्टन रोडला जाऊ. हल्ली त्याला डॉ. भडकमकर मार्ग म्हणायचं पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून तसं विचारलं तर कुणी सांगत नाही. आम्ही एका शनिवारी दुपारी सात दुकानं फिरलो. मी मोबाइलवर माझी नेहमीची रेकॉर्डिंग घेऊन गेलो होतो, जी मी कुठल्याही नव्या थिएटरला गेल्यावर साउंड चेकला लावतो. सातपैकी पाच दुकानांत एकच उत्तर, काका, सील तोडता येणार नाही, तोडलं तर तो पीस कोण घेणार. त्यांचंही खोटं नाही. पण मग आम्ही काय बघून घ्यायचं? कपड्याच्या दुकानात शर्ट अंगाला लावून बघतो, चप्पल घालून चार पावलं चालून बघतो, आणि हा तर रोज तीन तास डोक्यावर बसणार. उरलेल्या दोन दुकानांत डेमो पीस होता. एकात साधा, आणि एका दुकानात हॅप्टिकवाला, त्या दुकानदाराने खुर्ची दिली, त्याच्या कॉम्प्युटरवर गेम लावून दिला आणि अर्धा तास आम्हाला हलवलं नाही. तो अर्धा तास बसलो नसतो तर हे पत्र लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नसतं.

आधी ७.१ चं बोलतो, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे फुकट जातात. बहुतेक हेडसेटमध्ये दोनच स्पीकर असतात, डाव्या कानाला एक, उजव्याला एक. सात स्पीकर आणि एक सबवूफर हा हिशोब थिएटरचा आणि घरातल्या होम थिएटरचा. हेडसेटमधलं ७.१ म्हणजे सॉफ्टवेअर, ते दोन कानांमधला फरक बनवून देतं. आपल्याला दिशा कशी कळते तर आवाज डावीकडून आला की डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला थोडा उशिरा, आणि हा उशीर जास्तीत जास्त एका मिलीसेकंदाच्याही आत, पाऊण मिलीसेकंदापेक्षा कमी. शिवाय डोकं मध्ये आडवं येतं म्हणून पलीकडच्या कानाला तो थोडा मंद मिळतो, आणि समोर की मागे, वर की खाली हे कानाच्या बाहेरच्या भागाच्या वळणांमुळे कळतं. एवढ्या बारीक गोष्टी नीट पोचवायच्या तर दोन्ही बाजूचे स्पीकर एकसारखे आणि स्वच्छ लागतात. आणि दिशा भासवणारं असं सॉफ्टवेअर वेगळं विकत घ्यायची गरजही नाही, विंडोजमध्ये विंडोज सॉनिक फुकट आहे, व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक या गेममध्ये ते आतच दिलेलं आहे, त्याला एचआरटीएफ म्हणतात, पीएस ५ म्हणजे प्लेस्टेशन ५ मध्ये टेम्पेस्ट आहे. गेमचं एचआरटीएफ चालू असताना हेडसेटचं ७.१ पण चालू ठेवलं तर एकावर एक दोन प्रक्रिया होतात आणि दिशा पार विस्कटते. मुलीच्या जुन्या हेडसेटमध्ये नेमकं हेच चाललं होतं, ते बंद केल्यावर त्या भंगारातही पावलं थोडी कळायला लागली. आणि ५० मिमीचा ड्रायव्हर ४० पेक्षा चांगलाच असतो असंही काही नाही, साइज म्हणजे आवाज नव्हे.

आता हॅप्टिक. याच्यावर मला मनापासून लिहायचंय.

लालबागचा माणूस म्हणून सांगतो, आवाज नुसता कानाने ऐकायचा नसतो हे आम्हाला लहानपणापासून माहिती. आगमनाला ढोल-ताशाचं पथक गल्लीत शिरलं की ताशा कानाला लागतो पण ढोल छातीत वाजतो, बरगड्या आतून हलतात, खिडकीच्या काचा थरथरतात. जाड आवाजाची लाट लांब असते. ४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांचा, आवाज घेतला तर त्याची एक लाट साडेआठ मीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या खोलीत ती मावतसुद्धा नाही. ती अख्ख्या अंगावर येऊन आदळते. हेडफोनमध्ये तोच ढोल ऐकला तर त्याचा सूर ऐकू येतो पण दणका गायब, कारण हवा फक्त कानापाशी हलते, छातीला काहीच मिळत नाही. हॅप्टिक हेडसेट ही हरवलेली गोष्ट थोडीशी परत आणायचा प्रयत्न करतो, कानाच्या वाटीत बसवलेल्या हलणाऱ्या यंत्राने गालाला, कानामागच्या हाडाला ती थरथर देतो. छातीतला ढोल मिळत नाही, पण काहीतरी मिळतं, आणि ते खरं आहे.

ही कल्पना तशी जुनी. १९९७ मध्ये निन्टेंडोने गेमच्या कंट्रोलरला लावायचा रंबल पॅक काढला आणि त्याच वर्षी सोनीचा ड्युअलशॉक हा थरथरणारा कंट्रोलर आला. त्यात मोटरवर एका बाजूला जड वजन लावून ती फिरवायची, मोबाइल जुन्या काळी टेबलावर घर्र करायचा तसं. ती सुरू व्हायला वेळ घेते आणि थांबायलाही, म्हणून सगळं एकसारखंच घरघरतं. नंतर कॉइलवर चालणारी यंत्रं आली, स्पीकरचा पडदा काढून नुसतं वजन पुढेमागे हलवावं तशी, त्यात हळू, जोरात, एकच टिचकी असे प्रकार करता येतात. २०२० च्या पीएस ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्ये तेच आहे. हेडफोनमध्ये स्कलकँडीने २०१३ मध्ये क्रशर आणला, बाजूला स्लायडर, सरकवाल तशी बासची थरथर वाढते. रेझरने २०१८ मध्ये नारी अल्टिमेट काढला, त्यातलं यंत्र बर्लिनच्या लोफेल्ट नावाच्या कंपनीचं होतं, पुढे २०२१ मध्ये क्रॅकन व्ही ३ हायपरसेन्स आणि २०२४ मध्ये क्रॅकन व्ही ४ प्रो. म्हणजे बाजारात खरी हॅप्टिक असलेले हेडसेट मोजकेच आहेत, आणि नुसता बास चढवून बॉक्सवर व्हायब्रेशन छापणारे ढिगाने. ओळखायची एक सोपी खूण मी शोधलीय. आवाज अगदी कमी करायचा आणि वाटी हाताच्या तळव्यावर धरायची, खरं यंत्र असेल तर थरथर कमी-जास्त करायचं वेगळं बटण किंवा सेटिंग असतं आणि कमी आवाजातही ती हाताला कळते. नुसता बास असेल तर आवाजाबरोबर तीही मरते.

पण हॅप्टिक म्हणजे सगळं आलं असं नाही. कातडीला सगळ्यात चांगली कळणारी थरथर २००-२५० हर्ट्झच्या आसपासची, आणि हजारच्या वर गेलं की कातडीला जवळजवळ काही कळत नाही, कान मात्र तरुणपणी २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणून स्फोट, गाडीचं इंजिन, ढगांचा गडगडाट, राक्षसाचं पाऊल हे हॅप्टिकवर जबरदस्त लागतं, आणि काचेवरून सरकलेला बूट, बंदुकीत गोळी भरल्याचा खट् आवाज यात ते काही मदत करत नाही. उलट बहुतेक हेडसेटमध्ये थरथर आवाजातल्या जाड भागावरूनच बनवली जाते, त्यामुळे गेममध्ये मागे संगीत घुमत असेल तर तेही थरथरत राहतं. आणि जाड आवाज बारीक आवाजाला झाकतो हे मिक्सरवर बसणाऱ्या कुणालाही विचारा. त्या दुकानात थरथर फुल केल्यावर मुलगी पहिल्यांदा आनंदाने ओरडलीच, पण पाच मिनिटांत म्हणाली, बाबा पावलं गेली. सगळ्यात खालच्या पायरीवर आणली तर पावलंही आली आणि दणकाही राहिला, तरी तिला वाटलं की टीमने खेळताना मी बंदच ठेवीन. मग त्याचे वाढीव पैसे कशाला? तिने साधा, दोन चांगल्या स्पीकरचा, बंद वाटीचा हेडसेट घेतला, हॅप्टिकवाल्याच्या निम्म्याहून कमी किमतीत, आणि तो तिच्यासाठी बरोबर आहे.

इथे गोष्ट संपली असती. पण आमच्याबरोबर माझा भाचा होता, चौदा वर्षांचा, त्याला डाव्या कानाने लहानपणापासून जवळजवळ ऐकू येत नाही. तो गेम खेळतो पण नेहमी डावीकडून मारला जातो. त्याला मी मोबाइलमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये मोनो ऑडिओ चालू करून दिलंय, त्याने डावीकडचा आवाजही उजव्या कानात येतो, काही हुकत नाही, पण दिशा तर जातेच. तो सहज म्हणाला, मामा मी पण घालू का. त्याने घातला आणि गेममध्ये डावीकडे ग्रेनेड फुटला तेव्हा त्याचा हात पटकन डाव्या गालावर गेला. दोन्ही वाट्यांत वेगवेगळं यंत्र होतं, डावीकडच्या आवाजाला डावीकडेच थरथर. पावलं त्याला तशी कळली नाहीत, ते मी आत्ताच लिहिलं तसं शक्यही नाही. पण गोळीबार कुठल्या बाजूला चाललाय, गाडी कुठून येतेय हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा न बघता कळत होतं. तो हेडसेट काढेना. माझ्या बहिणीला हे फोनवर सांगताना मला नीट बोलता येईना. जी गोष्ट माझ्या मुलीला नको होती तीच या मुलाला हवी होती, आणि हे दोन्ही आम्हाला एकाच खुर्चीत बसून कळलं. घरी बसून फोटो बघून कधी कळलं असतं?

अजून एक फायदा, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. पोरं आवाज वाढवतात ते बहुतेक वेळा दणका मिळावा म्हणून. थरथर थोडी असेल तर आवाज खाली आणूनही तेवढीच मजा येते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतील, पण ९० डेसिबलला फक्त ४ तास, कारण दहा डेसिबल वाढले म्हणजे कानावरची ऊर्जा दहापट. लहान मुलांसाठी तर मर्यादा ७५ ची. माझ्या धंद्यात कान गेलेली माणसं मी बघितलीत, विसर्जनाच्या मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरपुढे वर्षानुवर्षं काम केलेली. आधी बारीक आवाज जातो, मग गर्दीत समोरच्याचं बोलणं कळत नाही, आणि गेलेलं परत येत नाही. मुलीला मी एवढंच सांगितलंय की हेडसेट घातलेला असताना खालून आजीने हाक मारली आणि ती अजिबात ऐकू आली नाही तर आवाज दोन खुणा कमी.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. खेळायला ब्लूटूथ नको, आवाज शंभर-दोनशे मिलीसेकंद मागे राहतो. नाटकात नटाने पिस्तूल ओढलं आणि माझा ठो एवढाच उशिरा आला तर अख्ख्या प्रसंगाची वाट लागते, तसंच ते. शिवाय ब्लूटूथवर माइक चालू केला की कॉलवाला आवाज होतो, पातळ. वायर किंवा यूएसबी डोंगलवाला २.४ गिगाहर्ट्झचा घ्या. पीएस ५ ला तर साधा ब्लूटूथ हेडफोन थेट लागतच नाही, डोंगल लावा नाहीतर कंट्रोलरमध्येच ३.५ ची पिन घालायची. माइक घेताना पंख्याखाली बसून टेस्ट करा, आपल्याकडे पंखा बंद करून कोण खेळतं, आमच्या पोटमाळ्यावर पंखा डोक्यापासून दोन हातावर आहे आणि जुन्या माइकमधून मैत्रिणींना नुसता वारा ऐकू जायचा. गादी मुंबईत कापडाची किंवा जाळीची बरी, रेक्झिन इथल्या दमट हवेत आणि घामात टिकत नाही, आणि गादी बदलून मिळते का ते आधीच विचारा. चष्मा असेल तर चष्म्यासकट वीस मिनिटं घालून बघा, कानशिलावर दाब येतो का. हॅप्टिकवाले जड असतात, बरेचसे सव्वातीनशे ग्रॅमपासून चारशेच्या पुढेही, आणि वायरलेस असेल तर थरथर चालू ठेवल्यावर बॅटरी खूप लवकर उतरते, बॉक्सवरचे तास बहुतेक थरथर बंद असतानाचे असतात.

आता मागणं. दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे की जो हेडसेट तुम्ही पाच हजाराच्या वर विकता त्याचा एक पीस उघडा ठेवा, बरोबर स्वच्छ पुसायला कापड ठेवा. ज्या दुकानाने आम्हाला खुर्ची दिली त्याच्याकडूनच आम्ही मुलीचाही घेतला आणि भाच्याचाही, बहिणीने आणि मी मिळून पैसे घातले. कंपन्यांनी बॉक्सवर स्पष्ट लिहावं की आत थरथरणारं वेगळं यंत्र आहे की नाही, दोन्ही बाजूंना आहे का, आणि ते चालू असताना बॅटरी किती तास. नसलेली गोष्ट आहे म्हणून छापणं ही फसवी जाहिरात आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याला बंदी आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. मुलीच्या वेळी मला हे सुचलं नाही, पावतीही तोवर हरवली होती.

आणि तुम्हाला, संपादक साहेब, एक सुचवतो. पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा दोन खेळणारी मुलं आणि एक साउंडवाला बसवा, हेडसेट आठवडाभर वापरू द्या आणि मग त्यांनी काय ऐकलं, काय जाणवलं ते त्यांच्याच मराठीत छापा. ज्यांना एका कानाने कमी ऐकू येतं अशा एखाद्यालाही घ्या. साउंडवाला म्हणून मी पैसे न घेता येईन, सोमवार ते गुरुवार कधीही, शनिवार-रविवार प्रयोग असतात. माझ्याकडे चार मिनिटांची एक टेस्ट आहे, त्यात डावीकडून उजवीकडे चालत जाणारी पावलं, दारावरची थाप, कुजबुज, पाऊस आणि शेवटी लालबागच्या गल्लीत मी स्वतः रेकॉर्ड केलेला ढोल आहे. कुठल्याही दुकानदाराला डेमोसाठी हवी असेल तर तुमच्या कार्यालयामार्फत कळवावं, पेनड्राइव्हवर आणून देतो.

आपला,
एक साउंड ऑपरेटर
लालबाग, मुंबई